नवी सिगारची पेटी : संग्रहांत घेण्यापूर्वीं

सिगार हा दिसावयास निर्जीव पदार्थ. परंतु त्याची जोपासना मात्र सजीव वस्तूसारखी करावी लागते. क्यूबांतील हवाना शहराच्या नांवानें जगभर प्रसिद्ध असलेले सिगार निव्वळ तंबाखूच्या पानांचे असतात. पोटांत सारणाची पानें, तीं बांधून धरणारें दुसरें पान, आणि सर्वांत वर एकच पातळ, गुळगुळीत वेष्टन, अशी ही तिहेरी घडण. वळल्यानंतरही योग्य हवेंत सिगार वर्षानुवर्षें मुरत राहतो. म्हणून ज्यांना या वस्तूचा नाद आहे, ते आपला साठा दहा-दहा वर्षें जपतात. तंबाखू प्रकृतीस अपायकारक आहे याविषयीं वैद्यकांत आतां दुमत उरलेलें नाहीं. येथें विचार आहे तो केवळ साठवणीचा. अशा मुरलेल्या साठ्याला खरा धोका असतो, तो टपालानें नुकत्याच आलेल्या नव्या पेटीचा.

हा धोका ज्याच्यामुळें उत्पन्न होतो तो तंबाखूचा भुंगेरा. त्याचें शास्त्रीय नांव लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी. रंगानें तांबूस-तपकिरी, लांबीनें अवघा दोन-तीन मिलिमीटर, आणि मान खालीं घालून बसल्यासारखा. त्याचें कुळ फार प्राचीन आहे. इ. स. १९२२ मध्यें सांपडलेल्या तूतनखामेन राजाच्या थडग्यांतील वस्तूंतही त्याचे अवशेष आढळले, म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वींही तो माणसाच्या साठ्यावर जगत होता. तंबाखूचा काढा पिकांवरील किडी मारण्यासाठीं वापरतात. मग हा किडा त्या विषावर पोसतो कसा? त्याच्या पोटांत यीस्टच्या जातीचे सूक्ष्मजीव राहतात. ते त्याला जीवनसत्त्वें पुरवितात आणि पुष्कळशीं विषारी द्रव्यें निकामी करण्यास मदतही करतात.

नुकसान करते ती त्याची अळी. मादी शंभरापर्यंत अंडीं घालते, आणि तीं इतकीं बारीक असतात कीं साध्या डोळ्यांना पानावर दिसत नाहींत. सहा ते दहा दिवसांत अळी बाहेर पडते व सिगाराच्या पोटांत बोगदे पाडीत जाते. तीस अंश सेंटिग्रेडची ऊब आणि दमट हवा मिळाली, तर अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंतचा प्रवास सुमारें महिन्याभरांत पुरा होतो. उष्णता अठरा अंशांच्या खालीं असल्यास ही वाढ जवळजवळ थांबते. कारखान्यांतून माल निघण्यापूर्वीं त्यास विषारी वायूची धुरी देतात अथवा तो गोठवितात. परंतु पुढें गुदामांत वा दुकानांत कीड पुन्हां लागणार नाहीं, अशी हमी कोणीच देऊं शकत नाहीं.

म्हणून नवी पेटी आली कीं ती प्रथम वेगळी ठेवावी. उजेडांत प्रत्येक सिगार फिरवून पाहावा. टांचणीनें पाडल्यासारखें वाटोळें भोंक दिसलें, किंवा पांढऱ्या कागदावर हलकेंच आपटतांच तपकिरी भुकटी पडली, तर किडीची खूण पटली असें समजावें. पृष्ठभागावर लोकरीसारखी, हिरवट वा पांढरी बुरशी दिसल्यास तो सिगार बाजूस काढावा. कांहीं दिसलें नाहीं, तरीही निश्चिंत होऊं नये. अंडें दिसत नाहीं, हें वर सांगितलेंच आहे.

यानंतर पेटी घट्ट झांकणाच्या स्वतंत्र डब्यांत ठेवून ती निदान महिनाभर नजरेखालीं असावी. डब्यांतील सापेक्ष आर्द्रता शेंकडा ६५ ते ७० आणि उष्णता १८ ते २० अंश असणें इष्ट. प्रवासांत सिगार कोरडा पडलेला असल्यास त्यास एकदम ओल देऊं नये. आंतील पानें फुगतात आणि वरचें पातळ वेष्टन तडकतें. गमावलेली ओल त्यानें हळूहळू परत घ्यावी, हेंच बरें. आर्द्रतामापक खरें सांगतो कीं नाहीं, हें पाहण्याची युक्ति सोपी आहे. मिठांत थोडें पाणी घालून दाट लगदा करावा व तो मापकासह बंद डब्यांत एक दिवस ठेवावा. कांटा ७५ वर यावयास पाहिजे. जितका फरक, तितकी मापकाची चूक.

मुंबईसारख्या उष्ण शहरांत, किंवा शंका असल्यास, गोठविण्याचा उपाय करावा. सिगार दुहेरी पिशवींत हवाबंद करून एक दिवस शीतकपाटाच्या साध्या कप्प्यांत ठेवावे. नंतर उणें १८ ते उणें २० अंशांच्या बर्फाच्या कप्प्यांत निदान तीन दिवस, आणि शक्य तर आठवडाभर ठेवावे. पुन्हां एक दिवस साध्या कप्प्यांत ठेवून मगच बाहेर काढावे, आणि ते खोलीच्या उष्णतेवर आल्यावरच पिशवी उघडावी. उष्णतेंत एकाएकीं फरक पडल्यास वेष्टन फाटतें; आणि पिशवी लवकर उघडल्यास थंड पानांवर दंव धरतें.

सीडरच्या पेटींत कीड लागत नाहीं, असा एक समज आहे. त्यावर विसंबूं नये. ज्याला स्पॅनिश सीडर म्हणतात तें झाड ना स्पेनचें, ना देवदाराच्या जातीचें. तें अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतलें असून आपल्या कडुनिंबाच्या कुळांतलें आहे. त्याचा सुवास मधुर आणि ओल सांभाळण्याचा गुण मोठा; परंतु भुंगेरा त्यालाही पुरून उरतो.

ज्या घरांत सिगार येत नाहीं, त्या घरालाही ही गोष्ट परकी नाहीं. हाच किडा हळकुंडांत, सुक्या मिरच्यांत, धण्यांत आणि जुन्या पुस्तकांच्या बांधणींतही शिरतो. वर्षाची हळद भरून ठेवणारी गृहिणी नवा माल जुन्याच्या बरणींत न ओततां आधीं निवडून, उन्हांत घालून वेगळा ठेवते. सिगारच्या संग्राहकानेंही तीच शिस्त पाळावयाची आहे. एका महिन्याचा धीर धरला, तर दहा वर्षांचा साठा सुरक्षित राहतो.