रोपांना ओल पुरविणारे जेल व त्याच्या बळाचे रहस्य

बदलापूर नगरीतील हेंद्रेपाडा व भोवतालच्या भागात पावसाळ्याचे चार महिने पाणी विपुल असते; परंतु फाल्गुन-चैत्रापासून जमीन तापून कोरडी पडते. भौगोलिक मानांकन मिळालेल्या बदलापुरी जांभळाची आषाढात लावलेली रोपे याच काळात दगावण्याचा संभव अधिक असतो. अशा वेळी मुळांशी ओल धरून ठेवणारे हायड्रोजेल उपयोगी पडते. ते कसे कार्य करते, हे समजून घेणे हिताचे आहे.

जेल म्हणजे पाण्याने फुगलेले अतिसूक्ष्म धाग्यांचे जाळे होय. हे धागे लांबच लांब रेणूंचे असून त्यांस बहुवारिक म्हणतात. ते एकमेकांस दोन प्रकारे धरून राहतात : रासायनिक गाठींनी किंवा केवळ परस्परांत गुंतल्याने.

भेंडी चिरून पाण्यात ठेवल्यास पाणी बुळबुळीत होऊन त्याची तार निघते. हा गुंत्याचाच परिणाम होय. परंतु गाठी नसल्यामुळे धागे हळूहळू निसटतात व अधिक पाण्यात रस विरून जातो. उलटपक्षी गाठी फार झाल्या, तर दोन गाठींमधील धागा आखूड राहतो. जेल ताठ होते, पण ताणताच तुटते.

यावरील उपाय अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 साली प्रसिद्ध केला. जेल तयार करताना त्यांनी पाणी, गाठी पाडणारे द्रव्य व क्रिया सुरू करणारे द्रव्य, ही तिन्ही अत्यल्प ठेवली. त्यामुळे धागे लांब व दाटीने गुंतलेले बनले. मोजक्या गाठी गुंता सुटू देत नाहीत आणि एका धाग्यावरील ताण शेजारच्या अनेक धाग्यांत वाटला जातो. म्हणून असे जेल पाण्यात फुगल्यावरही ताठ व चिवट राहते.

हे जेल शेतीसाठी बनविलेले नाही. त्यास लागणारे ॲक्रिलामाइड विषारी असल्याने घरी प्रयोग करू नये. शेतीसाठी नवी दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेने विकसित केलेले ‘पुसा हायड्रोजेल’ आहे. त्याचे धागे रासायनिक गाठींनी बांधलेले असतात. ते आपल्या वजनाच्या किमान 350 पट शुद्ध पाणी शोषते व माती सुकू लागताच ते मुळांस देते. शेतातील पिकांसाठी हेक्टरी 2.5 ते 5 किलो प्रमाण सांगितले जाते.

खारट पाण्यात मात्र ही शक्ती बरीच घटते. म्हणून खरेदीपूर्वी चिमूटभर दाणे पावसाच्या व विहिरीच्या पाण्यात निरनिराळे भिजवून पाहावेत. जेल पाणी निर्माण करीत नाही, केवळ साठविते. सबब आळे व पालापाचोळ्याचे आच्छादन यांस पर्याय नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी काही रोपांस जेल घालून व काहींस न घालता, इतर निगा सारखी ठेवून, वैशाखाअखेर दोहोंतील जगलेली रोपे शेतकऱ्यांसमक्ष मोजावीत. खर्च करावा की नाही, याचा निर्णय त्यावरून घेता येईल.