रेसिंग मोटरसायकलची घटलेली ताकद : निदानाच्या सहा दशकांचा मागोवा

ट्यून केलेल्या रेसिंग इंजिनाची ताकद घटण्याची कारणे मोजकी असतात. सिलिंडरमध्ये हवा कमी शिरते, पेट्रोलचे प्रमाण चुकते, ठिणगी वेळेवर पडत नाही, दाब गळतो, घर्षण वाढते किंवा तयार झालेली ताकद चाकापर्यंत पोहोचत नाही. जुहूच्या धावपट्टीवर आणि मद्रासजवळच्या शोलावरम येथे शर्यती होत होत्या तेव्हाही कारणे हीच होती. गेल्या सहा दशकांत बदलली ती कारण शोधण्याची साधने.

1961 पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून 250 सीसीच्या टू-स्ट्रोक गाड्या बाहेर पडू लागल्या आणि हौशी शर्यतपटूंना देशात तयार झालेले इंजिन मिळाले. त्या काळी संशयाची सुई आधी पॉइंटवर जाई. वेग वाढला की पॉइंटची स्प्रिंग उसळे, ठिणगी चुके आणि गाडी ठरावीक आरपीएमच्या पुढे ओढत नसे. कमकुवत कंडेन्सरनेही असेच होई. पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याआधी किती मिलिमीटरवर ठिणगी पडते, यावरून टायमिंग लावले जाई. मिश्रण ओळखण्याचे साधन म्हणजे प्लग. पूर्ण थ्रॉटलवर धावती गाडी क्लच दाबून तिथेच बंद करायची, प्लग काढायचा आणि पोर्सेलीनच्या मुळाशी रंग पाहायचा. पांढरट रंग पेट्रोल कमी असल्याचे सांगे, काळा काजळलेला रंग जास्त असल्याचे. मंद वेगाने परत आणलेल्या गाडीचा प्लग मात्र फसवा ठरे, कारण त्यावर शेवटच्या काही मिनिटांचाच रंग चढलेला असे.

1983 मध्ये राजदूत 350 आणि 1985 मध्ये यामाहा आरएक्स 100 आली. मूळचे 98 सीसी आणि सुमारे 11 अश्वशक्तीचे आरएक्सचे इंजिन महाराष्ट्रातल्या कितीतरी मेकॅनिकांची पाठशाळा ठरले. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच मिश्रण ढकलणारा पंप असतो, त्यामुळे क्रँकच्या ऑइल सीलची गळती थेट ताकद खाते. मॅग्नेटोकडचे सील गेले तर बाहेरची हवा शिरते, मिश्रण पातळ होते आणि पिस्टन जॅम होण्याचा धोका वाढतो. क्लचकडचे सील गेले तर गिअरबॉक्सचे ऑइल जळते, धूर येतो. हे ओळखण्याची खात्रीची रीत म्हणजे इनलेट आणि एक्झॉस्ट बंद करून क्रँककेसमध्ये सुमारे 6 पीएसआय हवा भरणे, दाब टिकतो का ते पाहणे आणि साबणाच्या पाण्याने गळती शोधणे. तुटलेली रीड-पाती आणि कार्बनने अरुंद झालेली सायलेन्सरची शेवटची नळी हीदेखील नेहमीची कारणे होती.

याच काळात एक महत्त्वाचा धडा मिळाला. एक्झॉस्ट पोर्ट उंच घासला की ताकद वरच्या आरपीएमकडे सरकते आणि तिचा पट्टा अरुंद होतो. जुनेच स्प्रॉकेट ठेवले तर इंजिन त्या पट्ट्यात पोहोचतच नाही. चालवणाऱ्याला ताकद कमी झाल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात ती जागा बदलून बसलेली असते.

कार्बोरेटरच्या गाडीला भूगोलही छळतो, आणि कोकणात हे ठळकपणे दिसते. पुणे सुमारे 560 मीटर उंचीवर आहे. पेणजवळची रामवाडी जवळजवळ समुद्रसपाटीला आहे. पुण्यात जेट लावलेली गाडी बोरघाट उतरून खोपोलीमार्गे रामवाडीला आली, तर तापमान तेच असताना हवेचा दाब सुमारे 6 ते 7 टक्क्यांनी वाढतो आणि मिश्रण थोडे पातळ होते. मे महिन्याच्या दुपारी मात्र हिशेब उलटतो. 35 अंशांच्या दमट हवेत वाफेने थोडी जागा घेतलेली असते, उष्णतेने हवा विरळ झालेली असते. जानेवारीच्या पहाटे पुण्यात जेवढा प्राणवायू एका लिटर हवेत असतो, त्याहून कमी रामवाडीत उरतो. म्हणून जेटच्या नोंदीसोबत ठिकाण, तापमान आणि आर्द्रता लिहिण्याची शिस्त आवश्यक ठरते. पावसाळ्यात टाकी आणि फ्लोट बाऊलमधले पाणी आधी तपासावे लागते.

2000 च्या उत्सर्जन नियमांनंतर टू-स्ट्रोक मागे पडले. 2001 मध्ये बजाजची पल्सर आली आणि पुण्या-नाशिकच्या डर्ट ट्रॅकवर फोर-स्ट्रोकचा आवाज वाढला. निदान आता व्हॉल्व्हकडे वळले. इथे कॉम्प्रेशन गेज अनेकांना चकवतो. रेसिंग कॅममुळे इनलेट व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, त्यामुळे किक मारताना थोडे मिश्रण परत जाते आणि निरोगी इंजिनाचा आकडाही कमी दिसतो. थ्रॉटल बंद ठेवून मोजले तर तो आणखी घसरतो. अशा वेळी लीक-डाऊन चाचणी खरे सांगते. पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असलेल्या स्थितीत ठेवून हवा भरतात. कार्बोरेटरमधून फुसफुस ऐकू आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, क्रँककेसच्या ब्रीदरमधून आली तर रिंग किंवा बोअर. टॅपेट फार घट्ट असतील तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. स्प्रिंग थकल्या तर वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह कॅमच्या मागे पडतो. कॅमचेन एक दात सरकली तर सगळेच बिघडते, म्हणून कॅमचे टायमिंग डिग्री प्लेटने तपासायचे. वाढवलेल्या कॉम्प्रेशनला जास्त व्होल्टेज लागते. कमकुवत कॉईल उभ्या गाडीत चांगली ठिणगी दाखवते आणि भार आल्यावर मिस करते.

2012 मध्ये चाकणला तयार होणारी केटीएम 200 ड्यूक आली आणि फ्युएल इंजेक्शन हौशी शर्यतपटूंमध्ये आणखी पसरले. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 नियमांनी ते जवळजवळ सगळीकडे नेले. डायनोवर चाकाची ताकद आरपीएमनुसार आलेखात दिसू लागली आणि वाइडबँड सेन्सर हवा-पेट्रोलचे प्रमाण धावतानाच सांगू लागला. शुद्ध पेट्रोलवर सर्वाधिक ताकद साधारण 12.5 ते 13 ला 1 या प्रमाणाच्या आसपास मिळते. संपूर्ण रेषा खाली असेल तर हवा, कॉम्प्रेशन किंवा टायमिंग पाहायचे. फक्त टोकाला रेषा कोसळत असेल तर पेट्रोलचा पुरवठा, ठिणगी किंवा व्हॉल्व्ह स्प्रिंग. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने नवी अडचण आणली. पूर्ण ज्वलनासाठी शुद्ध पेट्रोलला 14.7 पट हवा लागते, 20 टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला सुमारे 13.5 पट. जुन्या जेटवर चालणारे इंजिन त्यामुळे आपोआप पातळ मिश्रणावर जाते आणि तापते.

या सगळ्या वाटचालीतून तपासणीचा एक क्रम पक्का झाला. आधी ताकद खरोखर घटली का, ते घड्याळाने किंवा डायनोने ठरवायचे. मग इंजिनाबाहेरचे पाहायचे: घसटणारा ब्रेक, कोरडी चेन, घसरणारा क्लच. आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही, तेव्हा दोष क्लचचा असतो. त्यानंतर दाब, ठिणगी, पेट्रोल, हवा आणि शेवटी सायलेन्सर. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत नोंदवायचा. ट्यून केलेल्या इंजिनात बिघाड बहुधा शेवटच्या बदलाच्या आसपासच सापडतो. ज्याची नोंद नीट, त्याला इंजिन विनाकारण उघडावे लागत नाही. मिलिमीटर मोजून टायमिंग लावणाऱ्या मिस्त्रीला हे जितके लागू होते, तितकेच लॅपटॉपवर मॅप बदलणाऱ्या ट्यूनरलाही.