साम्राज्यवादावरील आरंभीचा समाजवादी वाद

भांडवलशाहीला वसाहतींची गरज का भासते, या प्रश्नावर विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील समाजवाद्यांत झालेली चर्चा. भारताची बाजू तेथे मांडणाऱ्यांत मुंबईचे दादाभाई नौरोजी व मादाम कामा हे प्रमुख होत.

ब्रिटिश अधिकाऱ्यांचे वेतन, निवृत्तिवेतन आणि इंग्लंडमधील खर्च यांपोटी भारताची संपत्ती मोबदल्याविना बाहेर जाते, हा नौरोजींचा सिद्धान्त होता. १९०४ मध्ये ॲमस्टरडॅम येथील समाजवादी काँग्रेसपुढे त्यांचे भाषण झाले. १९०७ च्या श्टुटगार्ट काँग्रेसमध्ये, समाजवादी राजवटीतही वसाहती उपकारक ठरू शकतील, असे मत डच प्रतिनिधी फान कोल यांनी मांडले. कार्ल काउट्स्की यांनी त्यास विरोध केला आणि १२७ विरुद्ध १०८ मतांनी ते फेटाळले गेले. याच ठिकाणी कामा यांनी भारताचा ध्वज फडकावला.

पुढे हिल्फरडिंग (१९१०) यांनी वित्तभांडवल, रोझा लुक्झेंबुर्ग (१९१३) यांनी भांडवलशाहीबाहेरील बाजारपेठा, तर लेनिन (१९१७) यांनी मक्तेदारी व भांडवलाची निर्यात ही साम्राज्यवादाची कारणे मानली. वसाहत काय गमावते, हा नौरोजींचा प्रश्न होता. भांडवलाला काय हवे असते, हा या सिद्धान्तांचा. वऱ्हाडचा कापूस खामगावच्या बाजारातून मुंबईमार्गे परदेशी जाई. त्या व्यवहाराचा पूर्ण अर्थ लावण्यास दोन्ही प्रश्न आवश्यक ठरतात.