तलावाचं पाणी जातंय कुठे?
अलिबागकडच्या बंगल्यांतले स्विमिंग पूल मी दुरुस्त करतो. ‘उन्हानं आटतंय,’ असं मालक म्हणाले की मी आधी बादली मागतो. ती पायरीवर ठेवून पुलाच्या पातळीइतकी भरायची, आत-बाहेर खूण करायची, २४ तास थांबायचं. बादलीपेक्षा पूल जास्त उतरला तर गळती नक्की. पंप चालू असतानाच जास्त उतरत असेल, तर संशय परतीच्या पाइपावर. एरवी पंप बंद करून, पाणी अगदी स्थिर झालं की फटींपाशी, विशेषतः दिव्याच्या खाचेपाशी, थोडा रंग सोडतो. तो आत ओढला गेला की जागा सापडली! तिथे पाण्याखाली घट्ट होणारी इपॉक्सी पुट्टी भरतो. ८ बाय ४ मीटरच्या पुलात एक सेंटिमीटर पाणी म्हणजे ३२० लिटर. टँकरची वाट पाहणाऱ्या गावांशेजारी एवढं पाणी वाया घालवू नका.