सेव्हची कळ आणि तिच्यामागचा कारभार

संगणकावर लेखन करणाऱ्या मनुष्याच्या लेखी ‘सेव्ह’ ही एकच क्रिया असते. कळ दाबली की काम फत्ते, अशी त्याची पक्की समजूत असल्यामुळे, जेव्हा पडद्यावर ‘परवानगीतील दोषामुळे फाइल सेव्ह करता येत नाही’ अशा अर्थाची चौकट अवतरते, तेव्हा यंत्र आपले, मजकूर आपला, मग परवानगी द्यायची ती कोणी, या विचाराने तो संतप्त होतो. संताप रास्त आहे, परंतु निदानाच्या कामी तो निरुपयोगी आहे. वस्तुतः त्या एका कळेमागे चार-पाच स्वतंत्र क्रिया लागोपाठ घडत असतात, आणि त्यांतली नेमकी कोणती अडली हे ओळखले की अर्धे काम झाले.

मायक्रोसॉफ्ट वर्डचेच उदाहरण घेऊ. उघडलेल्या फाइलीत फेरफार करून आपण सेव्हचा हुकूम दिला, की वर्ड सामान्यतः जुन्या फाइलीला हात लावीत नाही. त्याच फोल्डरात तो तात्पुरत्या नावाची एक नवी फाइल निर्माण करतो, तीत संपूर्ण मजकूर उतरवतो, ते काम निर्वेध पार पडल्यावर जुन्या फाइलीचे नाव बदलून तिला बाजूस सारतो, तिचे मूळ नाव नव्या फाइलीस बहाल करतो आणि अखेरीस बाजूस सारलेली प्रत नष्ट करतो. स्वच्छ नक्कल सहीशिक्क्यानिशी हाती आल्यावाचून मूळ कागद न फाडणाऱ्या जुन्या कचेरीतील जाणत्या कारकुनाचा हा शहाणपणा आहे. मध्येच वीज गेली, तर वाया जाते ती अर्धवट नक्कल. मूळ शाबूत राहते.

परंतु या सावधगिरीची किंमत अशी की, नुसता लिहिण्याचा अधिकार पुरत नाही. त्या फोल्डरात नवी फाइल निर्माण करण्याचा, नाव बदलण्याचा आणि नष्ट करण्याचाही अधिकार लागतो. कार्यालयातील सामाईक सर्व्हरवर कोणी खबरदारी म्हणून लिहिण्याची मुभा ठेवून नष्ट करण्याची काढून घेतली असेल, तर फाइल उघडते, वाचता येते, सेव्ह मात्र होत नाही. कधी कधी अधिकार सगळे असतात. पण तात्पुरती फाइल जन्मास येताच अँटीव्हायरस तिची झडती घेऊ लागतो, किंवा क्लाउडवर नक्कल पाठवणारा प्रोग्राम तिला धरून ठेवतो, आणि नाव बदलण्याच्या ऐन क्षणी ती वर्डच्या हाती लागत नाही. असा दोष क्षणिक असतो व पुन्हा कळ दाबताच नाहीसाही होतो.

म्हणून अशा प्रसंगी खिडकी बंद न करता, ‘सेव्ह अॅज’ने निराळ्या ठिकाणी, निराळ्या नावाने मजकूर ठेवून पाहावा. तेथे तो निमूटपणे गेला, तर दोष जागेचा किंवा नावाचा, दस्तऐवज निर्दोष. कोठेच गेला नाही, तर डिस्कवर जागा उरली आहे ना ते पाहून मग दस्तऐवजावर संशय घ्यावा, आणि शेवटच्या परिच्छेदाची खूण तेवढी वगळून बाकी सर्व मजकूर कोऱ्या दस्तऐवजात चिकटवावा. ही खूण वगळण्याचे कारण असे की, वर्ड मांडणीविषयीची बरीच माहिती त्या एका अदृश्य चिन्हात साठवतो आणि बिघाड पुष्कळदा तेथेच दडलेला असतो.

नावाचा दोष आपल्याकडे विशेष संभवतो. जावक क्रमांक आणि दिनांक यांत तिरप्या रेघा देण्याची सरकारी वहिवाट आहे, आणि नेमकी हीच रेघ विंडोजला फाइलीच्या नावात चालत नाही. विसर्गासारखा दिसणारा अपूर्णविरामही चालत नाही. शिवाय फोल्डरांसह संपूर्ण नावास २६० चिन्हांची जुनी मर्यादा आहे, आणि देवनागरीत ती लवकर संपते. ‘क्षेत्रीय’ या शब्दात आपल्याला तीन अक्षरे दिसतात. यंत्र मात्र हलन्त व मात्रा निरनिराळ्या धरून नऊ मोजते. लिनक्सच्या प्रचलित व्यवस्थेत तर एका नावाला २५५ बाइटांची मर्यादा असून देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते, म्हणजे ८५ चिन्हांत कारभार आटोपला.

‘ही फाइल दुसरा इसम वापरीत आहे’ असे सांगून त्या इसमाचे म्हणून आपलेच नाव दाखवणारी सूचना विनोदी खरी, पण तिचे कारण साधे आहे: वर्ड अचानक बंद पडला, की वापरकर्त्याचे नाव नोंदवणारी छोटी छुपी फाइल मागे राहते. वर्ड पूर्ण बंद करून ती काढून टाकली की तंटा मिटतो.

जुन्या वर्डमध्ये ‘फास्ट सेव्ह’ नावाची सोय होती. १९७४ च्या सुमारास झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात बटलर लॅम्पसन व चार्ल्स सिमोन्यी यांनी रचलेल्या ‘ब्राव्हो’ या लेखन-प्रोग्रामापासून मजकूर तुकड्या-तुकड्यांच्या सूचीने सांभाळण्याची युक्ती वर्डकडे आली होती. तिच्या आधारे, सगळी फाइल पुन्हा न लिहिता केवळ नवे फेरफार शेवटी जोडले जात. मंद डिस्कांच्या काळात वेळ वाचे. पण फाइल फुगे, आणि लेखकाने खोडलेली वाक्ये तीत तशीच राहत, हे मला त्या सोयीचे सर्वांत मोठे वैगुण्य वाटते. २००७ च्या आवृत्तीत ती रद्द झाली, ते योग्यच झाले.

त्याच आवृत्तीपासून वर्डची नेहमीची फाइल म्हणजे झिप पद्धतीने आवळलेला अनेक फाइलींचा संच असतो, आणि या संचाची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते. लेखन चालू असताना पेन ड्राइव्ह उपटला, तर शेपटाकडचा थोडासा भाग हरवूनही सगळी फाइल उघडेनाशी होते. अशा वेळी वर्डमधील ‘ओपन अँड रिपेअर’ करून पाहावे; ते निष्फळ ठरले, तर झिप दुरुस्त करणारा प्रोग्राम वापरावा, कारण संचातील प्रत्येक फाइलीच्या आरंभीही तिची स्वतंत्र नोंद असते. मजकूर ‘डॉक्युमेंट’ नावाच्या एक्सएमएल फाइलीत सापडतो, आणि तो युनिकोडात लिहिलेला असेल तर तेथे सरळ वाचता येतो. युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेला असेल, तर मात्र रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ दिसेल. तो फेकून न देता नव्या दस्तऐवजात घेऊन त्यास पूर्वीचाच फाँट लावावा.