काचेतला समुद्र (लेखांक ९) : आधी कोण, मग कोण

या आठवड्यात टँग माशांची पाळी होती. ती पुढे ढकलतो आहे, कारण मुखेडहून एका वाचकांचं पत्र आलं आणि ते बाजूला ठेवून पुढे जाववेना. त्यांची टाकी तीन फुटी. पाणी, मीठ, खडक सगळं रीतसर. दुकानदाराने ‘आधी हे सोडा, टाकी बसेल’ म्हणून दोन निळे डॅमसेल दिले. दीड महिन्यानं क्लाउनची जोडी आणि एक फायरफिश आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी फायरफिश फरशीवर सापडला आणि क्लाउन हीटरमागे कोपऱ्यात अंग चोरून. ‘तिन्ही जाती एकमेकांना चालतात असं सगळीकडे लिहिलंय, मग बिघडलं कुठे?’ असं ते विचारतात.

बिघडलं ते क्रमात. आजचा लेख तेवढ्यावरच.

डॅमसेल आधी का देतात, ते जुन्या रिवाजातून आलंय. नव्या टाकीत अमोनिया साठतो. तो पचवणारे जिवाणू खडकावर आणि वाळूत स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा काळ ते विषारी पाणी सोसेल असा चिवट आणि स्वस्त मासा म्हणजे डॅमसेल. आज याची गरज उरलेली नाही. रिकाम्या टाकीत चिमूटभर खाद्य टाकत राहिलं तरी जिवाणूंना खुराक मिळतो. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टाकी तयार. कुठल्याच जिवाला त्यासाठी जाळायचं कारण नाही.

आता डॅमसेलचा स्वभाव. ज्यांनी मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात तोंड घालून पाहिलंय, त्यांना काळ्या पट्ट्यांचे, पाठीवर पिवळसर झाक असलेले मासे आठवतील. तेही डॅमसेलच्याच कुळातले. विणीच्या दिवसांत त्यांचा नर खडकावरची अंडी राखतो आणि आपल्याहून कितीतरी मोठ्या माशाच्या अंगावर धावून जातो. या कुळातल्या काही जाती तर प्रवाळावर शेवाळाचा तुकडा राखतात, नको ते शेवाळ उपटून टाकतात, हवं ते वाढू देतात आणि त्यात तोंड घालणाऱ्याला हुसकावतात. पाणबुड्याच्या हातालाही ते चावा घेतात. थोडक्यात, हा मासा जमीनदार आहे. आणि आपला गरीब दिसणारा क्लाउनही याच कुळातला, हे विसरू नका.

समुद्रात हुसकावलेला मासा चार-सहा हात लांब पळाला की भांडण मिटतं. तीन फुटी टाकीत तो पळतो आणि काचेवर आदळतो. वळला की पुन्हा त्याच जमीनदाराच्या हद्दीत. डॅमसेलच्या दृष्टीनं घुसखोर गेलेलाच नसतो, म्हणून पाठलाग थांबत नाही. दीड महिना दोघेच राहिलेल्या डॅमसेलची हद्द म्हणजे अख्खी टाकी. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून धरलेल्या जागेवरून जो वाद होतो, तोच हा. तोच मासा सगळ्यात शेवटी सोडला असता तर बाकीच्यांच्या जागा आधी ठरलेल्या असत्या आणि त्याला उरलेल्या कोपऱ्यात बसावं लागलं असतं.

म्हणून माझा नियम: भित्रा आधी, दांडगा शेवटी. तीन फुटी टाकीत मी असा क्रम लावतो. पहिल्यांदा गोबी आणि त्याचा पिस्तुल झिंगा. झिंग्याला धड दिसत नाही. तो वाळूत बीळ खणतो, बाहेर येताना एक मिशी गोबीच्या अंगाला टेकवून ठेवतो. गोबीनं शेपूट थरथरवली की झिंगा आत. ही जोडी एकदा बिळात स्थिरावली की तिला सहसा कोणी हलवत नाही. त्यानंतर फायरफिश किंवा बांगाई कार्डिनलची जोडी. दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत, मग क्लाउन. क्लाउन घेताना एक मोठा, एक लहान घ्यावा. या माशांत सगळे आधी नर असतात, मोठा होणारा मादी बनतो. सारख्याच आकाराचे दोन आणले तर मादी कोण यावरून झुंज होते. केरळात विळिंजमच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन केंद्रानं क्लाउनची पैदास कधीच साधली आहे, तेव्हा हॅचरीतलेच मागा. ते गोळी-खाद्य खातात आणि टाकीत लवकर रुळतात. डॅमसेल हवाच असेल तर सगळ्यांत शेवटी, एकच. काळा, तीन पांढऱ्या ठिपक्यांचा डॉमिनो मात्र नको. नाण्याएवढा असताना गोड दिसतो, पाच इंची झाला की कुणाला जगू देत नाही.

मुखेडच्या वाचकांनी आता काय करावं? जाळीनं डॅमसेल पकडायच्या फंदात पडू नका, सगळा खडक उपसावा लागेल. पाण्याची एक लिटरची बाटली घ्या, गळ्याखाली कापा, तो भाग उलटा करून आत बसवा, तळाला एक खडा आणि थोडं खाद्य घाला. संध्याकाळी खाणं न देता बाटली आडवी ठेवा. अधाशी आणि निडर मासा आधी आत शिरतो, म्हणजे तुमचे डॅमसेलच. दोघांनाही आठ दिवस दुसऱ्या भांड्यात ठेवा, हवेचा पंप आणि हीटर लावून. तेवढ्यात टाकीतल्या खडकांची मांडणी बदला. परत आणाल तेव्हा भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात दोन दिवस टांगून ठेवा, दिवा मालवल्यावर सोडा. जुनी हद्द ओळखीची राहिलेली नसते. तरीही पाठलाग सुरूच राहिला, तर त्यांना सरळ दुकानात परत द्या.

फायरफिश घाबरला की वर उसळतो, तो त्याचा मूळ स्वभाव. तेव्हा टाकीवर झाकण हवंच. काच नको, आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती वाफ आणि उष्णता कोंडते. खिडक्या-दारं करणाऱ्याकडून प्लास्टिकच्या डासजाळीची चौकट करून घ्या. मुखेड-देगलूरकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, वीज गेली की पंखाही बंद. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो आणि पाठलागानं धापा टाकणारा मासा पहिल्यांदा मरतो. म्हणूनच नवा मासा आणायचा तर दसरा ते होळी. उन्हाळ्यात टाकीत नवा पाहुणा आणू नये, फक्त बॅटरीवरचा हवेचा पंप तयार ठेवावा.

आणखी एक, कारण पत्राच्या शेवटी समुद्रघोड्याबद्दल विचारलंय. समुद्रघोडे आणि दगडी पोवळी २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहेत. दुकानात कुणी दिले तरी घेऊ नका.

टँग पुढच्या रविवारी नक्की. तोवर ज्यांना तो घ्यायचाय त्यांनी टाकीची लांबी मोजून ठेवावी. चार फुटांच्या आत असेल, तर पुढचा लेख वाचून झाल्याशिवाय पैसे देऊ नयेत.