पुरोहितांची लिपी आणि नाशिकची मोडी

प्राचीन इजिप्तमधील जलद लेखनाच्या लिपीस ‘हिएरॅटिक’, म्हणजे पुरोहितांची लिपी, असे म्हणतात. हे नाव ग्रीकांनी दिलेले असून ते काहीसे फसवे आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने तिच्याविषयी लिहिले, तेव्हा ती मुख्यतः धर्मग्रंथांपुरती उरली होती. तत्पूर्वी दोन हजार वर्षांहून अधिक काळ धान्याचे हिशेब, पत्रे व न्यायाचे कागद तिच्यातच लिहिले जात. मंदिराच्या भिंतीवर चित्रलिपी कोरावी आणि पपायरसवर लव्हाळ्याच्या लेखणीने ही लिपी झरझर लिहावी, अशी वाटणी होती. लेखनिकांची मुले प्रथम हीच लिपी गिरवीत.

आपल्याकडे अशीच वाटणी बालबोध व मोडी यांत होती. पोथी बालबोधीत, दफ्तर मोडीत. मोडी लिहिणारा आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेई आणि बोरू शक्य तितका न उचलता अक्षरे एकमेकांत गुंफीत जाई. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेदही नाही. ‘दिन’ की ‘दीन’, हे वाचणाऱ्याने संदर्भावरून ओळखावे. शुद्धलेखनात गुण गमावणाऱ्या विद्यार्थ्यास ही सोय फार आवडली असती!

गोदाकाठच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची गावे, कुळे व वंशावळी नोंदलेल्या असतात. त्यांतील जुने लेख मोडीत आहेत. कारकुनांची ही लिपी नाशिकातही अशी उपाध्यायांच्या घरी जपली गेली, हा योगायोग मौजेचा आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून मोडीचे शिक्षण थांबले आणि दोन पिढ्यांत वाचणारे विरळ झाले. याची खरी झळ 2023 मध्ये जाणवली. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा महसुली कागदांबरोबर शाळांची जुनी प्रवेशपुस्तके उघडावी लागली आणि मोडीवाचकांची शोधाशोध झाली. ज्या पुस्तकास कोणी रद्दी समजत होते, त्यातील एका ओळीवर एखाद्या कुटुंबाचा दाखला अवलंबून होता.

म्हणून शाळेच्या कपाटातील असे पुस्तक वाचता येत नाही या कारणास्तव टाकून देऊ नये. पुसट अक्षरांवर शाई फिरवू नये. गिरवताना वळण बदलते व मूळ अक्षर कायमचे हरवते. वाचनाचा आरंभ आकड्यांपासून करावा. मोडीचे आकडे बालबोध आकड्यांशी बरेच जुळतात, त्यामुळे अनुक्रमांक व तारखा लवकर लागतात. त्यानंतर गावाचे नाव शोधावे. ते पानोपानी पुन्हा पुन्हा येते आणि त्यातील चारपाच अक्षरांची ओळख एकदा पटली, की शेजारची आडनावेही उलगडू लागतात.